बेचकीच्या हाडाची पैज

माझ्या गाडीत शेजारच्या सीटखालीही एक ब्रेक आहे, कारण मी इराणमधल्या केरमान शहरात बायकांना गाडी चालवायला शिकवते. शिकणारीला भिंत दिसली नाही तर मला दिसायला हवी. पण त्या गुरुवारी चालवत होते मी, आणि त्या जादा ब्रेकवर पाय ठेवून बसली होती पूरान. बोलण्याच्या भरात पाय आपटायची तिची सवय शाळेपासूनची. कब्रस्तानच्या रस्त्यावर, भर गर्दीत, तिनं मला दोनदा जागच्या जागी थांबवलं आणि मागच्या गाडीवाल्यानं माझ्या सात पिढ्यांचा उद्धार केला.

"पाय वर घे गं, म्हशी!"

"मी काय केलं? मी नुसती मोनीरेची आठवण काढली."

"मग तोंडानं काढ. पायानं कशाला काढतेस?"

मागच्या सीटवर मोनीरेची आई, एफ्फत खानम, मांडीवर हलव्याचं ताट सांभाळून बसल्या होत्या. प्रत्येक धक्क्याला त्या ताटावर दोन्ही हात पसरायच्या.

"भांडू नका गं पोरींनो," त्या म्हणाल्या. "पन्नाशी उलटली तुमची. आज तरी नीट वागा."

पूराननं पाय मागे घेतला. एफ्फत खानमसमोर आम्ही अजून शाळेतल्याच आहोत.

वर्षाचा शेवटचा गुरुवार होता. नवरोजच्या आधी मेलेल्यांना भेटून यायचं, त्यांचा दगड धुवायचा आणि मग घरी जाऊन सणाला लागायचं. दर वर्षी मी वडिलांसाठी जाते. मोनीरेसाठी जायची ही पहिलीच वेळ. तिच्या डोक्यात गाठ झाली होती, आणि थंडी पडायच्या सुमाराला ती गेली. शाळेच्या शेवटच्या वर्षी मोनीरे, मी आणि पूरान एका बाकावर बसायचो. त्यातली मधली जागा मोनीरेची. अजूनही पूरान आणि मी कुठे शेजारी बसलो की आमच्यात थोडी जागा राहते, आणि मग आम्हाला कळतं आणि वाईट वाटतं.

पूराननं गुलाबपाणी ओतलं आणि मी दगड घासायला घेतला. माझा राग कुठेतरी निघायला हवा होता.

"हळू गं," पूरान म्हणाली. "नाव पुसून जाईल तिचं."

"चांगला दगड आहे. नाही पुसत."

एफ्फत खानमनी येणाऱ्याजाणाऱ्यांना हलवा वाटला. मग अक्रोड भरलेल्या खजुरांची थाळी माझ्यापुढे धरली. अशा वेळी घेणाऱ्यानं 'देव तिच्यावर दया करो' म्हणायचं असतं, लहान पोरालाही ते माहीत असतं. मी खजूर उचलला आणि माझ्या तोंडून निघालं, "याद आहे."

पूराननं चमकून माझ्याकडे बघितलं. एफ्फत खानमच्या हातातली थाळी हलली. "देव दया करो," मी घाईघाईनं म्हटलं, पण जे निघायचं ते निघून गेलं होतं.

ते शब्द मोनीरेचे आणि माझे. आमच्याकडे कोंबडीच्या छातीतलं ते बेचकीसारखं हाड दोघांनी दोन टोकांना धरून मोडलं की पैज लागते. त्या क्षणापासून एकीनं दुसरीच्या हातात काहीही दिलं, अगदी टाचणी दिली तरी, घेणारीनं घेता घेता 'याद आहे' म्हणायचं. न म्हणता घेतलं की देणारी म्हणते, 'मला याद, तुला विसर', आणि पैज जिंकते. बहुतेकांची पैज त्याच संध्याकाळी संपते. भाऊ बहिणीला मीठ देतो, बहीण विसरते, खेळ खलास.

आमची संपली नाही. युद्धाचे दिवस होते, कोंबडी कुपनावर मिळायची. एफ्फत खानमनी मला आणि पूरानला जेवायला बोलावलं होतं, आंबट बेदाणे घातलेला भात आणि ती कोंबडी. हाड मोनीरेच्या ताटात निघालं. तिनं ते चाटूनपुसून कोरडं केलं आणि माझ्यापुढे धरलं. हरणारीनं जिंकणारीला समुद्र दाखवायला न्यायचं, असं ठरलं. आम्ही वाळवंटाच्या काठावरच्या पोरी. पाणी म्हणजे आम्हाला अंगणातला हौद. पूराननं आमच्या धरलेल्या हातांवर सुरीसारखा हात मारून पैज पक्की केली आणि बजावलं, "मलाही न्यायचं हं. मी साक्षीदार आहे."

साक्षीदार बिचारी वाट बघत राहिली. माझ्या लग्नात सही करायचं पेन मोनीरेनं मुद्दाम स्वतः पुढे केलं. मी आधी "याद आहे" म्हणाले आणि मगच पेन घेतलं. लग्न लावणारे मौलवी म्हणाले, "काय याद आहे, बाई? नवरा हाच ना?" अख्खं घर हसलं. नवरा मात्र अजून विचारतो की तेव्हा तुला कुणाची याद आली होती. मुलगा झाला तेव्हा तिनं त्याला दुपट्यात गुंडाळून माझ्या हातात दिला. मी अर्धवट शुद्धीत होते, तरी म्हणाले. नर्सला वाटलं मला भ्रम झालाय. वडील गेले तेव्हा तिनं मला रुमाल दिला, आणि हुंदक्यातून माझं "याद" एवढंच बाहेर आलं, पुढचा शब्द आलाच नाही. नंतर ती म्हणाली, "काही बोलली नसतीस तरी मी धरलं नसतं. रडताना घेतलेलं धरायचं नाही, हा नियम." तो नियम तिनं तिथल्या तिथे केला होता.

मी तिच्याइतकी सरळ नव्हते. मोनीरे मुलींच्या हायस्कुलात रसायनशास्त्र शिकवायची. एकदा मी अंगावरची काळी चादर पार नाकावर ओढून तिच्या शाळेच्या फाटकाशी जाऊन उभी राहिले, धुरी देऊन नजर काढत फिरणाऱ्या बाईसारखी. ती बाहेर आली, मी वाकून, आवाज बदलून धुरीच्या बियांची पुडी तिच्यापुढे धरली. तिनं हात पुढे केला, पुडी घेतली आणि शांतपणे म्हणाली, "याद आहे, फरंगीस. नजर काढणाऱ्या बाईच्या पायात असले बूट नसतात." तिच्या वर्गातल्या पोरी फिदीफिदी हसल्या. त्या दिवसापासून ती मला सगळ्यांसमोर कपटी म्हणायची.

थंडीत सगळं केरमान समुद्रावर, बंदरला जातं. माझा नवरा पोरांना घेऊन गेला तेव्हा मी डोकं दुखतंय म्हणून घरी राहिले. मोनीरेच्या शाळेची सहल गेली तेव्हा तिनं सुट्टी टाकली. पूरान आमच्यावर उखडायची. "अगं मूर्खांनो, एकीनं मुद्दाम हरा ना! काय बिघडतं? मरायच्या आधी मला तुमच्याबरोबर समुद्र बघायचाय." पण मुद्दाम हरणं मोनीरेला जमायचं नाही, आणि मला तिच्या आधी हरणं जमायचं नाही. आम्हाला वाटायचं, घाई काय आहे.

आता जे मी कुणालाही सांगितलं नव्हतं ते सांगते.

शेवटी मी तिला घरी भेटले ती दुपार. आत गेले तर ती उशांना टेकून बसली होती, डोक्याला मऊ रुमाल बांधलेला. मला बघून म्हणाली, "या, या. तुम्ही कशाला त्रास घेतलात?" मी हसले. आमच्या शाळेच्या मोठ्या बाई पालकांशी ज्या थाटात बोलायच्या, त्या थाटात बोलून मला छळायची तिची जुनी खोड. मी म्हटलं, "त्रास कसला बाईसाहेब, आमची मुलगी फार मस्तीखोर आहे, तेवढं सांगायला आले." ती छान हसली. आजारी माणूस अजून थट्टा करतंय म्हणून मला किती बरं वाटलं!

मग मी गोडं लिंबू कापलं. आमच्याकडे आजारी माणसाला ते देतातच. पण ते कापल्या कापल्या खावं लागतं, जरा वेळ गेला की कडू होतं. मी अर्धं तिच्या हातात दिलं. तिनं घेतलं आणि चोखायला लागली.

काही म्हणाली नाही.

मी तिच्या तोंडाकडे बघत राहिले. वाटलं, आत्ता म्हणेल, मुद्दाम ताणतेय. तिनं बोटांवरचा रस पुसला आणि म्हणाली, "किती गोड आहे." झालं. इतक्या वर्षांची पैज माझ्या समोर संपून पडली होती आणि मला फक्त चार शब्द बोलायचे होते. ते माझ्या घशाशी आले. मी ते गिळले. जिंकणं इतकं वाईट असतं हे मला कुणी सांगितलं नव्हतं. तिच्या डोक्यातून समुद्र गेला, हाड गेलं, मी तिच्यासाठी केलेले सगळे डाव गेले, आणि ती बसून लिंबू खात होती. उरलेलं अर्धं माझ्या हातात तसंच राहिलं. निघताना मी ते खाल्लं. तोपर्यंत ते कडू झालं होतं.

दुसऱ्याच दिवशी तिला दवाखान्यात हलवलं. भेटी बंद होत्या, आईला तेवढं आत सोडायचे. मी खाली गाडीत बसून राहायचे, आणि एफ्फत खानम खिडकीतून हात हलवायच्या. परत मी तिला बघितलं ते कफनात.

तेव्हापासून मी एकच गोष्ट मनाशी धरून होते. मोनीरे विसरली हे कुणाला कळता कामा नये. तिची आई सगळ्यांना सांगायची, "माझ्या मुलीचं डोकं शेवटपर्यंत लख्ख होतं." त्या वाक्यावर एफ्फत खानम सकाळी उठत होत्या. मी ते वाक्य मोडणार नव्हते.

कब्रस्तानातून आम्ही एफ्फत खानमच्या घरी आलो. एकटीचं घर असूनही सणाची साफसफाई झालेली होती. पडदे धुऊन ओलेच टांगले होते, खिडकीत गव्हाचे कोंब हिरवे झाले होते. फक्त मोनीरेच्या खोलीचं दार ओढून घेतलेलं. चहाच्या पाण्याचा समोवार उकळत होता. एफ्फत खानम त्याच्याशी बसल्या, आम्ही भिंतीला टेकून. आमच्यात पुन्हा थोडी जागा राहिली होती.

पूराननं हलव्याचा तुकडा तोंडात टाकला आणि जे कुणी विचारायला नको होतं तेच विचारलं.

"फरंगीस, मघाशी कबरीपाशी तू ते म्हणालीस ना... मला एक सांग. पैजेचं काय झालं शेवटी?"

"काय व्हायचंय? काही नाही."

"असं कसं काही नाही? मी साक्षीदार आहे. जिंकलं कोण?"

"कोणी नाही. बरोबरी."

"म्हणजे मोनीरे शेवटपर्यंत चुकली नाही?"

"नाही."

"तू शेवटी गेलीस तेव्हाही?"

"नाही म्हटलं ना! लिंबू दिलं, घेतलं, याद आहे म्हणाली. तुला काय, आता शपथपत्र लिहून देऊ?"

पूरान एकदम रडायला लागली, आणि रडता रडता हसायलाही. "काय बाई ही! डोक्यात एवढी गाठ, आणि तरी चुकली नाही! माझं डोकं धडधाकट आहे तर मी गॅस चालू ठेवून लग्नाला जाते." तिनं नाक पुसलं. "बघितलंत एफ्फत खानम? तुमची मुलगी म्हणजे..."

एफ्फत खानमनी चहाचा पेला धुतला, तो स्वच्छ होता तरी पुन्हा धुतला.

थोड्या वेळानं पूरानला घरून फोन आला. सासरची मंडळी आली होती. ती मागच्याच गल्लीत राहते, चपला शोधत आणि मला शिव्या देत पायीच गेली. दार लागल्याचा आवाज आला तसं एफ्फत खानमनी माझ्याकडे बघितलं.

"खोटं बोललीस."

"मी? कशाबद्दल?"

"तू खोटं बोललीस की आधी ओरडतेस. शाळेत असल्यापासून. मी त्या दिवशी दारात उभी होते, फरंगीस. हातात बशी होती, मीठ आणायला गेले होते. मी बघितलं."

मी जणू चोरी करताना सापडले होते, आणि चोरीचा माल त्यांच्याच मुलीचा होता.

"तिला बरं नव्हतं, एफ्फत खानम. रडताना आणि आजारपणात घेतलेलं धरायचं नाही. नियमच आहे आमचा."

"रडतानाचा नियम होता. आजारपणाचा तू आत्ता केलास."

मी मान खाली घातली. त्यांनी समोवारची तोटी घट्ट केली, ती गळत नव्हती.

"तुला काय वाटतं, ती पैज विसरली?"

"तिचा काय दोष त्यात? इतकं औषध..."

"ती पैज विसरली नव्हती, पोरी. तिनं तुला ओळखलं नव्हतं."

'या, या. तुम्ही कशाला त्रास घेतलात?' ती थट्टा नव्हती. शाळेतल्या मोठ्या बाईंचा थाटही नव्हता. घरात आलेल्या एका परक्या बाईशी माझी मैत्रीण नीट, सभ्यपणे बोलत होती. आणि मी मूर्खासारखी तिला हसवत बसले होते. परक्या बाईच्या हातून लिंबू घेताना कोण कशाला 'याद आहे' म्हणेल?

तोपर्यंत मला वाटत होतं की तिच्या डोक्यातून एक खेळ गेला. मी गेले होते हे मला माहीत नव्हतं.

"हे मला सांगायला नको होतं तुम्ही," मी म्हटलं. माझा आवाज मलाच वाईट वाटला. "मला ते चाललं असतं. पैज विसरली, हे चाललं असतं. हे नाही."

"गप्प बस आणि पुढचं ऐक. तुला कायम अर्धं ऐकून गाडी पुढे न्यायची घाई." त्यांनी चादरीच्या टोकानं डोळे पुसले. "तू गेलीस. ती मला म्हणाली, 'आई, बाई चांगली होती. लिंबू दिलं. कोण होती?' मी म्हटलं, 'अगं, फरंगीस.' मी बोलायला नको होतं. तिचा चेहरा असा उतरला... ती उशीवरून उठायला लागली. म्हणाली, 'आई, मी तिच्या हातून घेतलं! मी म्हटलं का? याद आहे म्हटलं का मी?'"

मी तोंडावर हात ठेवला.

"मग मी काय करणार? आई आहे. मी सांगितलं, म्हटलंस. मी दारात होते, मी ऐकलं. ती म्हणाली, 'नक्की?' म्हटलं, नक्की. तुझ्या तोंडात लिंबू होतं म्हणून आवाज बारीक आला, पण म्हटलंस. तिला पटलं नाही. रात्रभर विचारत राहिली. 'तिनं काही म्हटलं का? मला याद, तुला विसर, असं काही?' मी म्हटलं, नाही बाई, काही म्हणाली नाही. तेव्हा कुठे जरा निवांत झाली. म्हणाली, 'मग ठीक आहे. ती कपटी आहे, पण संधी सोडणारी नाही.'"

मला वाटलं संपलं, पण संपलं नव्हतं.

"दुसऱ्या दिवशी दवाखान्यात नेलं. नर्सनं गोळी दिली. मोनीरे म्हणाली, 'याद आहे.' नर्सनं माझ्याकडे बघितलं. मग मी पाणी दिलं, 'याद आहे.' डॉक्टरनं पेन दिलं, हे धरता येतंय का बघ म्हणून, तर 'याद आहे.' सूप घेऊन येणारी, चादर बदलणारी, कुणीही काही हातात दिलं की आधी ते. मी म्हटलं, 'अगं मी तुझी आई आहे, मला कशाला म्हणतेस?' तर म्हणाली, 'तू फरंगीस असशील तर? ती रूप बदलून येते. मला आता तोंडं कळत नाहीत, आई. म्हणून मी सगळ्यांनाच म्हणते. मग ती कुठूनही आली तरी मी फसायची नाही.'"

मी रडले. तशी मी कुणासमोर रडत नाही, माझ्या गाडीत रडणाऱ्या बायकांना मी खाली उतरवते. पण त्या दिवशी एफ्फत खानमच्या सतरंजीवर मी पोरीसारखी पालथी पडून रडले. खाली गाडीत बसून मी खिडकीकडे बघायचे तेव्हा वरती ती हेच करत होती. प्रत्येक गोळीत, प्रत्येक पाण्याच्या घोटात ती मला ओळखायचा प्रयत्न करत होती. माझं तोंड तिच्याकडून गेलं, म्हणून तिनं सगळ्या जगाच्या तोंडाला माझं नाव दिलं.

एफ्फत खानमनी माझ्या पाठीवर हात ठेवला. तो हात चांगलाच जड होता.

"शेवटच्या दिवशी," त्या म्हणाल्या, "तिला काही बोलता येत नव्हतं. मी ओल्या कापसानं ओठ पुसले. ओठ हलले. आवाज नाही आला, पण मला माहीत आहे काय म्हणाली ते."

बऱ्याच वेळानं मी उठून बसले. त्यांनी मला तोंड धुवायला पाठवलं. न्हाणीघरात मोनीरेचा कंगवा अजून तिथेच होता. मी परत आले तेव्हा त्या ताठ बसल्या होत्या, हिशेब पुरा करायला बसल्यासारख्या.

"आता खरं ते खरं. त्या दुपारी तिनं म्हटलं नाही. मी तिला खोटं सांगितलं. म्हणजे ती हरली आणि तू जिंकलीस. तिच्या बाजूनं आता मीच उरले आहे. तुला समुद्र दाखवायचं माझ्यावर आहे. माझे गुडघे गेलेत, पण गाडी तुझी आहे. सण झाला की जाऊ. पूरानलाही घेऊ, मागे बसव तिला."

त्या खरंच बोलत होत्या. त्या म्हाताऱ्या बाईनं बंदरचा रस्ताही कुणाला तरी विचारून ठेवला असेल. क्षणभर माझ्या डोळ्यांपुढे ते पाणी आलं, मी कधी न बघितलेलं. एक 'हो' म्हटलं की ते माझं होतं. आणि मोनीरे हरलेली.

"म्हणाली होती ती," मी म्हटलं.

"काय?"

"लिंबू घेताना. याद आहे म्हणाली. मी ऐकलं."

एफ्फत खानम माझ्याकडे बघत राहिल्या. मी ओरडले नव्हते.

"तोंडात लिंबू होतं ना," मी म्हटलं. "म्हणून आवाज बारीक आला. तुम्ही दारात होतात, तुम्हाला ऐकू आलं. मी तर शेजारीच बसले होते."

त्यांनी सावकाश मान डोलावली.

"म्हणजे कोणी हरलं नाही."

"कोणी नाही."

"आणि समुद्र?"

"राहिला. पूरानला तिचा नवरा नेईल."

एफ्फत खानमनी समोवारची तोटी उघडली. चहा ओतला, रंग बघितला, जरा पाणी घातलं. मोनीरेला फिका लागायचा, मलाही फिकाच लागतो. मग पेला बशीत ठेवून माझ्यापुढे धरला. मी हात पुढे केला आणि बशी धरली, पण ती माझ्याकडे येईना. पलीकडून त्यांनी ती घट्ट धरून ठेवली होती, आणि त्या माझ्या तोंडाकडे बघत होत्या.

"याद आहे," मी म्हटलं.

मग त्यांनी बशी सोडली.